रोलर कोस्टर म्हणायचे कशाला?

गेल्या काही वर्षांत मराठीत 'रोलर कोस्टर' या शब्दाने चांगलाच मुक्काम ठोकला आहे. शेअर बाजार दोन दिवस वरखाली झाला की बातमीत 'बाजाराचा रोलर कोस्टर' येतो. नवा सिनेमा आला की 'भावनांची रोलर कोस्टर राईड'. कांद्याचा भाव, क्रिकेटचा सामना, कुणाची कारकीर्द, कुणाचा संसार, सगळे रोलर कोस्टर. शब्द परका आहे म्हणून माझी तक्रार नाही. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. एका भाषेतला शब्द उचलून दुसऱ्या भाषेत नीट बसवणे हेच माझे रोजचे काम. पाहुणा आला तर त्याला पाट द्यावा, पण निदान नाव-गाव तरी विचारावे. रोलर कोस्टर म्हणजे नेमके काय, असे विचारले तर आपल्यापैकी बहुतेक जण हवेत हाताने दोन-तीन डोंगर काढून दाखवतात. ती काही व्याख्या झाली नाही.

हा प्रश्न मला माझ्या नववीच्या वर्गाने घातला. 'मी पाहिलेली जत्रा' या विषयावर तोंडी बोलणे चालू होते. एक मुलगा म्हणाला, "मी उरुसात रोलर कोस्टरमध्ये बसलो." मागच्या बाकावरून हशा आला. "टीचर, वो रोलर कोस्टर नहीं, ड्रॅगन ट्रेन है. बच्चों का झूला!" हसणाऱ्यांपैकी दोघे जण आदल्या वर्षी नातेवाइकांबरोबर खोपोलीच्या इमॅजिकात जाऊन आले होते. तिथल्या 'नायट्रो'मध्ये पाय अधांतरी लोंबकळत ठेवून ते पाच वेळा उलटे झाले होते. त्यामुळे रोलर कोस्टर कशाला म्हणायचे हे ठरवण्याचा अधिकार आता आपलाच, असे त्यांना वाटत होते. मुलगा गप्प बसला. मी फळ्यावर लिहिले : रोलर कोस्टर म्हणजे काय? आणि म्हटले, व्याख्या सांगा, मग हसा.

उत्तरे भराभर आली. खूप उंच असतो तो. ज्यात माणूस उलटा होतो तो. खूप वेगाने जातो तो. ज्यात बसून माणसे ओरडतात तो. रुळावरून वरखाली जातो तो.

इथे थोडे भाषेबद्दल बोलते. मराठीत 'तारीफ' म्हणजे कौतुक. उर्दूत कौतुकालाही तारीफ म्हणतात आणि व्याख्येलाही तारीफच म्हणतात. जुन्या मदरशांमधून शिकवल्या जाणाऱ्या तर्कशास्त्रात चांगल्या तारीफची अट दोन शब्दांत सांगतात : ती 'जामे' हवी आणि 'माने' हवी. जामे म्हणजे जे जे त्या नावाचे आहे ते सगळे तिच्यात जमा झाले पाहिजे. माने म्हणजे जे त्या नावाचे नाही त्याला तिने मनाई केली पाहिजे. आपल्याकडच्या न्यायशास्त्राने हीच गोष्ट दोषांच्या बाजूने सांगितली आहे. गाय म्हणजे शिंगे असलेला प्राणी म्हटले तर म्हैसही आत येते, ही अतिव्याप्ती. गाय म्हणजे तांबूस प्राणी म्हटले तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ती. गाय म्हणजे एकसंध खुराचा प्राणी म्हटले तर एकही गाय सापडत नाही, हा असंभव. एका परंपरेने विचारले 'सगळे आत आले का, परके बाहेर राहिले का', दुसरीने विचारले 'कोण सुटले, कोण घुसले'. दोन्ही भाषा शिकवताना माझ्या लक्षात आले की ही चाळणी एकच आहे.

आता मुलांची उत्तरे या चाळणीतून काढू.

उंची घ्या. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर १८८४ मध्ये लामार्कस थॉम्पसन याने 'स्विचबॅक रेल्वे' सुरू केली. तिथूनच या खेळाचा धंदा म्हणून खरा प्रसार झाला. तिची उंची होती साधारण ५० फूट, वेग ताशी जेमतेम १० किलोमीटर, तिकीट पाच सेंट. बाकडी आडवी होती, माणसे बाजूला तोंड करून बसत. गाडी एका टोकाच्या मनोऱ्यावरून सुटायची आणि दुसऱ्या टोकाला थांबायची. मग सेवक ती ढकलून दुसऱ्या रुळावर चढवायचे आणि परतीचा प्रवास सुरू व्हायचा. आज उरुसातली कोणतीही ड्रॅगन ट्रेन त्याच वेगाने पळते. पेनसिल्व्हेनियातील अल्टूना गावात 'लीप द डिप्स' नावाचे १९०२ सालचे लाकडी कोस्टर आहे. त्यातला सर्वांत मोठा उतार फक्त नऊ फुटांचा. उंची आणि वेग ही अट धरली तर सगळे पूर्वज घराबाहेर जातात. अव्याप्ती.

उलटे होणे? कोनी आयलंडवरच १८९५ मध्ये 'फ्लिप फ्लॅप' नावाचे, माणसाला पूर्ण उलटे करणारे कोस्टर आले होते. त्याचा फेरा अगदी गोल होता, त्यामुळे गाडी त्यात शिरताच मानेला जबर हिसका बसायचा. ते फार चालले नाही. पुढे १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात 'रेव्होल्यूशन' उभे राहिले. त्यात फेऱ्याचा आकार गोल न ठेवता थेंबासारखा, खाली पसरट आणि वर आवळलेला ठेवला, तेव्हा कुठे उलटे होणे सोसवेल असे झाले. म्हणजे पहिल्या ऐंशी-नव्वद वर्षांत उलटे न करणारी कोस्टरे हीच सर्रास होती. आजही जगातली कितीतरी नावाजलेली कोस्टरे माणसाला उलटे करत नाहीत. ही अटही गेली.

भीती आणि ओरडा तर उंच आकाशपाळण्यातही असतो, कोलंबस जहाजातही असतो. मौत का कुआँमध्ये तर नुसते पाहणारेही ओरडतात. ही अतिव्याप्ती. आणि 'रुळावरून वरखाली' म्हटले तर कसारा घाट चढणारी रेल्वेही आत शिरते.

मग उरते काय? माझ्या मते उत्तर त्या इंग्रजी शब्दातच आहे. इंग्रजीत 'कोस्ट' या क्रियापदाचा एक अर्थ आहे जोर न लावता उतारावरून घरंगळत जाणे. सायकलचे पायडल न मारता उतरणीवर सोडून देतो, ते कोस्टिंग. घाटात डिझेल वाचवायला ट्रकवाले गाडी न्यूट्रलमध्ये टाकतात, तेही कोस्टिंग, आणि म्हणूनच ते धोक्याचे. रोलर कोस्टरचा जीव या घरंगळण्यात आहे.

त्याचा इतिहासही हेच सांगतो. रशियात सतराव्या-अठराव्या शतकांत हिवाळ्यात लाकडी सांगाड्यांवर बर्फ गोठवून सत्तर-ऐंशी फूट उंच घसरगुंड्या उभारत. पुढे सेंट पीटर्सबर्गजवळ ओरानियनबाउम येथे राणी कॅथरीनसाठी उन्हाळ्यातही चालावी अशी चाकांच्या गाड्यांची टेकडी बांधली गेली. १८१७ मध्ये पॅरिसमध्ये 'रशियन डोंगर' या नावाने असे खेळ सुरू झाले. गाडी मार्ग सोडून जाऊ नये म्हणून तिथे चाकांचे आस बाजूच्या खाचेत अडकवलेले होते. फ्रेंच, स्पॅनिश आणि इटालियन भाषांत रोलर कोस्टरला आजही 'रशियन डोंगर' म्हणतात. आणि रशियन लोक काय म्हणतात? 'अमेरिकन टेकड्या'!

अमेरिकेतली कथा तर कोळशाची आहे. पेनसिल्व्हेनियात माउक चंक येथे १८२७ मध्ये खाणीचा कोळसा डोंगरावरून खाली आणण्यासाठी रूळ टाकले. भरलेल्या वाघिणी स्वतःच्या वजनाने खाली येत. रिकाम्या वाघिणी वर ओढून न्यायला खेचरे असत, आणि ती खेचरेही खाली येताना वाघिणीत बसून येत. पुढे कोळशाला दुसरी वाट मिळाली आणि तोच मार्ग पैसे देऊन बसणाऱ्या हौशी माणसांसाठी कित्येक वर्षे चालला. वर चढवणे कष्टाचे आणि खाली येणे फुकटचे, हा या खेळाचा पाया आहे.

नववीच्या मुलांना हे विज्ञानाच्या भाषेतही कळते. गाडी साखळीने वर ओढली की तिच्यात स्थितिज ऊर्जा साठते. सोडली की तिची गतिज ऊर्जा होते. समजा, ४० मीटर उंचीवरून गाडी सोडली. घर्षण आणि हवा विसरा, तर तळाशी तिचा वेग सेकंदाला २८ मीटर, म्हणजे ताशी साधारण १०० किलोमीटर होतो. प्रत्यक्षात थोडा कमी, कारण प्रत्येक वळणावर घर्षण आपला वाटा घेते. म्हणून साखळीच्या कोस्टरमध्ये पहिला डोंगर सर्वांत उंच असतो आणि पुढचे उतरत्या क्रमाने असतात. शिलकीवर चालणारा संसार आहे तो. उर्दूत गुरुत्वाकर्षणाला 'कशिश-ए-सिक़्ल' म्हणतात, म्हणजे जडपणाची ओढ. पहिला डोंगर ओलांडला की गाडी ओढणारी तीच.

वर्गात हे सांगून झाल्यावर मी विचारले, मग ड्रॅगन ट्रेनमध्ये ओढतो कोण? हसणाऱ्या मुलांना ते सांगता आले नाही. उत्तर दिले त्या गप्प बसलेल्या मुलाने. तो म्हणाला, "टीचर, बीचमें जनरेटर बंद पडा था. गाडी उतरणपे थी, फिर भी वहींच रुक गयी."

इतका चांगला पुरावा मला एरवी शोधून सापडला नसता. वीज गेली आणि गाडी उतारावरही थांबली, म्हणजे तिला सगळीकडे मोटरच चालवत होती. खाली येतानाही ती घरंगळत नव्हती, ओढली जात होती. तेव्हा उरुसातली ड्रॅगन ट्रेन रोलर कोस्टर नाही. निकाल हसणाऱ्यांच्या बाजूने लागला, पण त्यांच्या कारणांनी नाही. लहान, स्वस्त, मुलांची, ही कारणे खोटीच होती. खरे कारण ज्याने सांगितले तो इमॅजिकात कधी गेलेला नव्हता. त्याने फक्त बंद पडलेल्या गाडीत बसून नीट पाहिले होते.

तर माझी व्याख्या अशी : मौजेसाठी बसायची, ठरलेल्या मार्गाला जखडलेली गाडी, जिला एका किंवा मोजक्या ठिकाणी ऊर्जा दिली जाते आणि मधला चढउतारांचा प्रवास ती त्या शिलकीवर, गुरुत्वाकर्षणाच्या भरवशावर करते. 'मौजेसाठी' या शब्दाने कोळशाच्या वाघिणी बाहेर राहतात. 'जखडलेली' म्हटल्याने कोलंबस जहाज आणि पाण्यात तरंगत येणारी होडी बाहेर. 'मोजक्या ठिकाणी' म्हटल्याने आकाशपाळणा आणि ड्रॅगन ट्रेन बाहेर. 'चढउतारांचा' म्हटल्याने मनोऱ्यावरून सरळ खाली टाकणारा खेळ बाहेर. रशियातली बर्फाची घसरगुंडी? ती पूर्वज आहे. पण आजोबांना नातू म्हणत नाहीत.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा, की आजची मोठी कोस्टरे साखळीने चढत नाहीत, त्यांना जोराने फेकतात. मग ती मोटरचीच झाली ना? न्यू जर्सीतल्या 'किंग्डा का'चे उदाहरण पाहा. २००५ ते २०२४ ते चालले. उंची १३९ मीटर, सुरुवातीच्या झोताने वेग ताशी २०६ किलोमीटर. तो एक झोत संपला की पुढे मोटर नाही. झोत थोडा कमी पडला तर गाडी शिखराच्या अलीकडेच दमायची आणि उलटी घरंगळत परत यायची. असे अधूनमधून होतही असे आणि बांधणाऱ्यांनी त्याची सोय आधीच केलेली होती. जी गाडी दमून मागे येऊ शकते ती घरंगळणारीच. साखळी काय आणि झोत काय, ऊर्जा देण्याच्या त्या दोन तऱ्हा. म्हणून ते कोस्टर.

दुसरा आक्षेप ब्रेकचा. डोंगरउतारावरच्या अल्पाइन कोस्टरमध्ये बसणारा स्वतः ब्रेक लावू शकतो, मग ते कोस्टर कसे? पण मेलबर्नच्या लुना पार्कमधल्या १९१२ सालच्या 'सीनिक रेल्वे'त गाडीवर ब्रेकमन उभा असतो, आणि तिला कोस्टर न म्हणणारा मी तरी ऐकला नाही. ब्रेक वेग कमी करतो, गाडी चालवत नाही. दोन्ही आत.

कुणी म्हणेल, बाई, एवढी कीस काढून मिळाले काय? मिळते.

जाहिरातीत 'जगातील सर्वांत उंच' आणि 'सर्वांत वेगवान' हे शब्द व्याख्येवरच उभे असतात. १९९७ मध्ये कॅलिफोर्नियात सुपरमॅनच्या नावाचे ४१५ फुटांचे कोस्टर आले. त्यात गाडी मनोऱ्यावर चढून त्याच वाटेने परत येत असे. २००० साली ओहायोत ३१० फुटांचे 'मिलेनियम फोर्स' आले, तेव्हा 'पूर्ण फेरी मारणारे सर्वांत उंच' असा शब्द वापरून विक्रम सांगितला गेला. एक विशेषण जोडले की नवा विक्रम तयार. अबू धाबीतले 'फॉर्म्युला रोसा' ताशी २४० किलोमीटर वेग घेते, पण त्याची उंची ५२ मीटरच आहे. एवढ्या उंचीवरून नुसते घरंगळून ११५ च्या आसपासच वेग मिळेल. बाकीचा सगळा झोताचा. ते कोस्टर आहे, पण त्याच्या वेगाचे श्रेय डोंगराला देता येत नाही. व्याख्या हाताशी असली की जाहिरात वाचता येते.

दुसरे कारण जिवाचे आहे. कोस्टरची गाडी रुळावर नुसती ठेवलेली नसते. वरून चालणारी चाके, बाजूने टेकणारी चाके, आणि रुळाच्या खालून धरून ठेवणारी चाके अशी तीन प्रकारची चाके असतात. ही खालची चाके जॉन मिलर या अमेरिकन अभियंत्याने १९१९ च्या सुमारास आणली, आणि तेव्हापासून मोठे उतार शक्य झाले. चढणीवर साखळी तुटली तर गाडी मागे जाऊ नये म्हणून खटके असतात. चढताना येणारा खट-खट आवाज त्यांचा. यंत्र काय करते हे ठाऊक असले तर ते कुठे दगा देऊ शकते हे विचारता येते. आपल्याकडे उलटे होते. यंत्राला 'झूला', 'पाळणा' म्हटले की ते निरुपद्रवी वाटू लागते. २०१९ च्या जुलैत अहमदाबादच्या कांकरिया तलावाजवळ लंबकासारखा झुलणारा पाळणा तुटून दोघांचा जीव गेला. २०२५ च्या एप्रिलमध्ये दिल्लीतल्या एका पार्कमध्ये रोलर कोस्टरवरून पडून एका तरुणीचा मृत्यू झाला. तपासणी नावावरून होऊ नये, कामावरून व्हावी : किती उंच नेते, कशाने धरते, वीज गेली तर काय होते. पार्कमध्ये हजार रुपयांचे तिकीट काढणाऱ्याला हे विचारण्याचा हक्क आहे, आणि उरुसात तीस रुपये देणाऱ्यालाही तितकाच आहे.

तिसरे कारण भाषेचे. रोलर कोस्टरमध्ये वाट आधीच आखलेली असते, अंगावर पट्टा असतो, आणि बहुधा जिथे चढलो तिथेच उतरतो. शेअर बाजारात यातले एकही नाही. ज्याची नोकरी गेली, घरात आजारपण आले, त्याच्या आयुष्याला रोलर कोस्टर म्हणणे मला तर निष्ठुरपणाचे वाटते. त्याने तिकीट काढलेले नसते. वडिलांनी कमावून ठेवलेल्या पैशावर मुलगा निवांत घरंगळत असेल, तर त्याला खुशाल रोलर कोस्टर म्हणा. तिथे उपमा चोख बसते : पहिला डोंगर उंच, पुढचा प्रत्येक त्याहून बुटका.

शेवटी त्या 'तारीफ'कडे येते. त्या दिवशी वर्गात भांडण व्याख्येचे नव्हतेच. हसणारी मुले रोलर कोस्टर हा शब्द पदवीसारखा वापरत होती आणि तो मुलगा ती पदवी मागत होता. व्याख्या म्हणजे कौतुक नव्हे, आणि व्याख्येबाहेर राहणे म्हणजे अपमान नव्हे. ड्रॅगन ट्रेन रोलर कोस्टर नाही. ती चांगली ड्रॅगन ट्रेन आहे. हा फरक मोठ्यांच्याही लक्षात येत नाही. 'खरी मराठी', 'खरी उर्दू', 'खरे शिक्षण' असे शब्द आपण व्याख्या म्हणून उच्चारतो आणि वापरतो मात्र कुणाला तरी बाकावर गप्प बसवायला.

आपल्या शाळांत व्याख्या पाठ करून घेतात, दोन गुणांना लिहून घेतात आणि परीक्षेनंतर विसरू देतात. मला वाटते, वर्षातून दोन-तीन व्याख्या तरी मुलांकडून घडवून घ्याव्यात. विषय कुठलाही चालेल : खेळ कशाला म्हणायचे, घर कशाला, काम कशाला. आत कोण येते, बाहेर कोण राहते, आणि का, एवढे तीन प्रश्न पुरतात. उत्तर कदाचित पुस्तकातल्याइतके नेटके येणार नाही. पण ज्या मुलाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवरून एक अट घातली, त्याला पुढे कोणी नुसत्या मोठ्या आवाजाने गप्प करू शकणार नाही.